निशिगंधाचं बेणं: लावायची घाई नको

गणपती-नवरात्रात निशिगंधाला दर असतो. त्या वेळी फूल तोडायला हवं, तर कंद एप्रिल-मेमध्येच जमिनीत गेला पाहिजे, कारण लागवडीपासून फुलदांडे निघायला साधारण ८० ते १०० दिवस लागतात.

चूक होते ती बेण्यात, म्हणजे लागवडीच्या कंदांत. जुन्या प्लॉटातून काल काढलेले कंद आज लावायचे, ही घाई दर उन्हाळ्यात दिसते. कंदाला विश्रांती लागतेच. काढल्यावर महिना-दीड महिना तो सावलीत, हवेशीर जागी पातळ थरात पसरून ठेवा आणि चार-पाच दिवसांनी खालीवर करा. ओल्या कंदांचं पोतं भरून कोपऱ्यात टाकलं की आतले कंद घामतात आणि सडतात. विश्रांती न देता लावलेलं बेणं मागेपुढे उगवतं. मग सणाला निम्म्या रानात फूल आणि निम्म्यात नुसती पात.

लावण्याआधी प्रत्येक कंद अंगठ्यानं दाबून बघा. टणक हवा, बुडाची चकती कोरडी हवी. मऊ पडलेला किंवा आंबूस वास येणारा कंद बाजूला काढा, कितीही महाग आणलेला असो. दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचे कंद मुख्य रानात लावा. बारीक कंद पहिल्या वर्षी बहुधा पातच वाढवतात, त्यांचा वाफा वेगळा करा. निवडलेलं बेणं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला २ ग्रॅम) वीस मिनिटं बुडवून सावलीत सुकवा.

सुट्या फुलांसाठी, म्हणजे हार-गजऱ्यासाठी, सिंगल, म्हणजे एकेरी पाकळीची जात घ्या. राहुरी विद्यापीठाची 'फुले रजनी' किंवा 'शृंगार', 'प्रज्वल' या चांगल्या. फुलदाणीच्या दांड्यांसाठी डबल पाकळीची 'सुवासिनी' किंवा 'वैभव'.

कुजलेलं शेणखत सढळ हातानं घाला. रासायनिक खत माती परीक्षणावरून ठरवा. स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) लागवडीला, नत्र (नायट्रोजन) मात्र तीन-चार हप्त्यांत. कंद पाच-सहा सेंटिमीटर खोल, कोंबाचं टोक वर. लावल्यावर पाणी द्या, पण पुढं वाफसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल आणि हवा, बघूनच. उगवेपर्यंत रोज पाणी देणं म्हणजे कंद कुजवणं.

हे पीक तीन वर्षं रानात राहतं, म्हणून भारी काळ्या जमिनीत गादीवाफाच, म्हणजे उंच केलेला वाफाच, बरा. पहिल्या मोठ्या पावसानंतर कुदळ घेऊन सऱ्यांतून फिरा आणि तुंबलेलं पाणी काढून द्या. पानांच्या बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती खोडकूज आहे. तो गड्डा भोवतीच्या मातीसकट घमेल्यात उचला आणि रानाबाहेर नेऊन जाळा.