वाचनालयाची देवघेव एक्सेलमधून डीबी ब्राउझरमध्ये कशी आणायची

आमच्या वाचनालयाची देवघेव बरीच वर्षं एक्सेलमध्ये होती, दर वर्षाची वेगळी फाईल, एकच सभासद एका फाईलीत कुलकर्णी तर दुसऱ्या फाईलीत कुळकर्णी, त्यामुळे कुणाकडे कुठलं पुस्तक अडकलंय एवढं विचारलं तरी अर्धा दिवस जायचा. आता सगळं एसक्यूलाइटच्या, म्हणजे एकाच फाईलीत राहणाऱ्या डेटाबेसच्या, एका फाईलीत आहे. ती उघडायला डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट वापरतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, सर्व्हर वगैरे काही लागत नाही.

आधी टेबलं ठरवा. तीन पुरतात: पुस्तकं, सभासद आणि देवघेव. देवघेवीत नावं लिहायचीच नाहीत, फक्त दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. नाव एकाच जागी राहिलं की दुरुस्ती पण एकाच जागी होते.

एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल, मराठी अक्षरं टिकवणारी) म्हणून सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पण त्याच्या आधी तारखा नीट करून घ्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२४-०६-०५ अशा. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकारच नाहीये, त्यामुळे दिवस आधी लिहिला तर क्रम लावताना २०१९ चा १ डिसेंबर २०१८ च्या २ जानेवारीच्या आधी येऊन बसतो. मग फाईल, इम्पोर्ट, टेबल फ्रॉम सीएसव्ही.

बघायला ब्राउझ डेटा टॅब. कॉलमच्या नावाखाली फिल्टरचा रकाना असतो, तिथे आडनावाचा तुकडा टाईप केला की तेवढ्याच ओळी उरतात, डबल नोंदी शोधायला हे फार कामाचं आहे. सेलवर डबल क्लिक करून तिथेच दुरुस्ती करता येते, पण राइट चेंजेस दाबेपर्यंत ती फाईलीत पक्की होत नाही, आणि चुकलं तर रिव्हर्ट चेंजेस. मला याच बटणाने वाचवलंय. एका सभासदाचा फोन बदलायला अपडेट (एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली माहिती बदलायची आज्ञा) लिहिलं, व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) लिहायचं राहिलं, आणि सगळ्या सभासदांना एकच नंबर लागला! तेव्हापासून आधी तोच व्हेअर लावून सिलेक्ट (ओळी नुसत्या दाखवणारी आज्ञा) चालवतो, किती ओळी येतायत ते बघतो आणि मगच अपडेट करतो. तुम्हीपण असंच करा.

आता रिपोर्ट. एक्झिक्यूट एसक्यूएल टॅबमध्ये देवघेव आणि सभासद ही टेबलं सभासद क्रमांकावर जॉईन करायची, म्हणजे जोडायची, पुस्तकाचं नाव हवं तर पुस्तकांचं टेबल दाखल क्रमांकावर, आणि व्हेअरमध्ये दोन अटी: परत आल्याची तारीख इज नल (म्हणजे तिथे काही भरलेलंच नाही), आणि आजच्या जूलियनडेमधून (तारखेचा दिवसांच्या मोजणीतला आकडा देणारं फंक्शन) दिल्याच्या तारखेचा जूलियनडे वजा केला की १५ पेक्षा जास्त दिवस. एफ५ दाबलं की थकीत पुस्तकांची यादी समोर. यादी फारच छोटी आली तर बघा, इम्पोर्टमध्ये तारखेचा सेल नल न होता नुसता रिकामा राहिला असेल, आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इज नलला रिकामा सेल सापडत नाही, म्हणून दोन्ही तपासा.

ही क्वेरी (वर लिहिलेली एसक्यूएल आज्ञा) व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, म्हणून सेव्ह करून ठेवा. पुढच्या वेळी ब्राउझ डेटामध्ये टेबलासारखी निवडली की त्या दिवसाची ताजी यादी मिळते, ज्यांना एसक्यूएल येत नाही तेही काढू शकतात, आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा हाच आहे.

छापायला सीएसव्ही एक्सपोर्ट करा आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा, ते उघडताना कॅरेक्टर सेट विचारतं, तिथे यूटीएफ-८ निवडा. एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडू नका, मराठी बिघडते, डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या.

बॅकअपसाठी प्रोग्राम बंद करूनच फाईल कॉपी करायची. चालू असताना कधीकधी शेजारी डब्ल्यूएएल नावाची फाईल असते, ताज्या नोंदी तिच्यात असतात आणि नुसती मुख्य फाईल उचलली तर त्या मागे राहतात.