कॅज्युअल्टीत पहिल्यांदा ड्यूटी लागलेल्यांसाठी

इंटर्नशिपमधले कॅज्युअल्टीचे, म्हणजे तातडीच्या विभागाचे, दोन आठवडे असोत की सीएमओची (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरची) पहिली नोकरी, सरकारी रुग्णालयात पहिल्याच संध्याकाळी वाटतं, डॉक्टर कमी पडताहेत. पडतातच. पण साधा हिशेब करून बघा. तासाला 10 पेशंट आले आणि प्रत्येक जण 3 तास थांबला, तर आत कायम 30 जण असणार. मुक्काम 2 तासांवर आणा, तेच 20 होतात. येणाऱ्यांना अडवता येत नाही. मुक्काम थोडाफार आपल्या हातात असतो. म्हणून जादा माणूस मिळाला तर तो उभा कुठे करायचा, ते महत्त्वाचं.

माझ्या मते, दाराशी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. दारात इंटर्न, मग हाऊसमन, मग रजिस्ट्रार, आणि निर्णय घेणारे सर फोनवर. छातीत दुखणारा माणूस एकच हकीकत चौघांना सांगतो. एमडी इमर्जन्सी मेडिसिनला मान्यता मिळाली ती 2009 मध्ये, त्यामुळे अनेक ठिकाणी कॅज्युअल्टी अजून बाकीच्या विभागांची चौकीच आहे. एका ठिकाणी आम्ही संध्याकाळच्या गर्दीपुरता सीनियर रजिस्ट्रार ट्रायाजच्या, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवण्याच्या, टेबलावर बसवला. लाल, पिवळा, हिरवा सिस्टर ठरवायच्या; तो ईसीजी, रक्त, एक्स-रे तिथेच लिहायचा, आणि किरकोळ ताप-खरचटल्याचे पेशंट तिथूनच घरी. बेड एकही वाढला नाही, पण ट्रॉल्यांमधून चालायला वाट मिळाली. वॉर्डातला माणूस काढला म्हणून युनिटची कुरकुर झाली, ती व्हायचीच.

ड्यूटीचा तक्ता बघा. संध्याकाळी गर्दी चढते आणि बऱ्याच ठिकाणी रात्री आठला ड्यूटी बदलते, म्हणजे ऐन गर्दीत सगळे हँडओव्हरमध्ये. चार ते बारा अशी एक मधली ड्यूटी लावली तरी फरक पडतो.

आणि मामा, म्हणजे वॉर्डबॉय! केसपेपर तयार, बेड मिळालेला, पण ट्रॉली ढकलायला कोणी नाही म्हणून पेशंट तिथेच. एक जादा डॉक्टर की दोन जादा मामा, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत मामा मागेन. एमएलसीची (अपघात, मारामारी अशा पोलिसांना कळवायच्या केसेसची) नोंद करायला वेगळा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं.

अॅडमिट झालेले, पण वॉर्डात जागा नसलेले पेशंट कुणाचे, हे ड्यूटीच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. त्यांच्यासाठी वेगळी सिस्टर नेमलेली हवी. पावसाळ्यात सर्पदंशाचा पेशंट आला की 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी परत परत करावी लागते. लक्षणं नसली तरी 24 तास नजर ठेवायची असते. दारातल्या सिस्टरने हे बघायचं तर ट्रायाज थांबतो.

वॉर्डातल्या इंचार्ज सिस्टरशी ओळख ठेवा. सकाळचे डिस्चार्ज अकराला निघतात की चारला, हे बरंचसं त्यांच्यावर असतं, आणि संध्याकाळी बेडसाठी फोन त्यांनाच लावायचा असतो.