हेलो आणि गॅलेक्सीचा प्लॉट काढताय? या चुका टाळा

आमच्याकडे इंदूरला रविवारी पोहे-जिलबी झाली की एमएससीची पोरं लॅपटॉपवर हेलोचं (म्हणजे गॅलेक्सीभोवतीच्या डार्क मॅटरच्या, न दिसणाऱ्या पदार्थाच्या गोळ्याचं) वस्तुमान आणि त्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान यांचा प्लॉट उघडतात आणि प्रश्न ठरलेला, दादा पॉइंट्स रेषेवर का नाही येत?

आधी एच बघा, म्हणजे विश्व किती वेगाने पसरतंय ते सांगणारा आकडा. इलस्ट्रिस-टीएनजी या विश्वाच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनच्या फाइलीत वस्तुमान १००० कोटी सूर्यांच्या पटीत असतं आणि वर एचने भागायचं असतं, एच ०.६७७४. विसरलात तर खरं वस्तुमान तुमच्या आकड्याच्या जवळपास दीडपट निघतं, आणि हेलोला भागलं पण ताऱ्यांना नाही, तर गुणोत्तरच गेलं.

दुसरं, सरळ रेष फिट करू नका. हेलोच्या मानाने तारे सगळ्यात जास्त कुठे, तर १ लाख कोटी सूर्यांच्या आसपासच्या हेलोत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या, आणि तिथेही जेमतेम काही टक्केच. त्याहून लहान हेलोत सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारे तारे, गॅस बाहेर फेकतात, मोठ्यात मधलं ब्लॅक होल गॅस थंड होऊन तारे बनूच देत नाही, म्हणून दोन्हीकडे गुणोत्तर पडतं.

एखादा पॉइंट लईच वर गेला की पोरं ओरडतात, डार्क मॅटर नसलेली गॅलेक्सी सापडली! अरे भिया थांबा, ती सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या हेलोत शिरलेली लहान गॅलेक्सी, आहे का ते बघा. गॅलेक्सींच्या क्लस्टरमध्ये शिरल्यावर बाहेरबाहेरचं डार्क मॅटर आधी ओरबाडलं जातं, तारे मधोमध असतात म्हणून टिकतात. अशांसाठी आजचं नाही, त्या हेलोचं आजवरचं सगळ्यात जास्त वस्तुमान घ्यायचं.

आता खरी घोळाची चूक, आणि ही शिकलेले लोकही करतात. हेलोवरून ताऱ्यांची सरासरी काढली, मग तीच रेष उलटी वाचून ताऱ्यांवरून हेलो सांगितला. चालत नाही! एकाच वस्तुमानाच्या हेलोंतही तारे कमीजास्त असतात, आणि लहान हेलो मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे भरपूर तारेवाल्या गॅलेक्सी निवडल्या की त्यात नशिबाने जास्त तारे मिळालेले लहान हेलोच गर्दी करतात. उलट्या रेषेने आलेला हेलो म्हणूनच खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, मोठ्या गॅलेक्सींत तर फारच. ताऱ्यांच्या वस्तुमानाप्रमाणे बिन, म्हणजे गट, वेगळे पाडा, हेलोची सरासरी नव्याने काढा.

अन हो, हेलोच्या फिरकीवरून गॅलेक्सीच्या चपट्या डिस्कचा आकार ठरतो हे १९९८ चं मो, माओ आणि व्हाइट यांचं मॉडेल दिसायला सुंदर आहे, पण सिम्युलेशनमध्ये एकेका गॅलेक्सीला ते नातं बरंच सैल निघतं, तेव्हा तिथे कोड तपासत रात्र घालवू नका.