आउटडोअर शूटसाठी कॅमेऱ्यावरची लाइट घेताय? रात्रीचा विचार करून घ्या

दुपारच्या उन्हात वापरायला म्हणून कॅमेऱ्यावर लावायची छोटी एलईडी लाइट घेणार असाल तर राहू द्या. भर उन्हात उजेड असतो जवळपास 1 लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि तळहाताएवढं पॅनल 1 मीटरवरून देतं काहीशे लक्स, चेहऱ्यावर फरक दिसणारच नाही. तिथे पांढऱ्या थर्माकोलची शीट धरा, जास्त काम करते.

ही लाइट खरी लागते दिवेलागणीनंतर, आणि आपल्या इंदूरात शूट करण्यासारखं कितीतरी रात्रीच असतं, सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार घ्या, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे रोषणाईच्या देखाव्यांची मिरवणूक घ्या. म्हणून दुकानात गेलात की जास्तीत जास्त किती उजेड पडतो हे विचारण्याआधी कमीत कमी किती करता येतो ते बघा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे हातभर अंतरावरचा चेहरा पांढराफटक पडतो आणि मागचा राजवाडा काळाच राहतो. उजेड कमी-जास्त करायचा डिमर 1 टक्क्यापर्यंत खाली येणारा हवा.

दुसरं म्हणजे सीआरआय, म्हणजे लाइटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा, 95 च्या वरच घ्या, आणि आर9 चा आकडा वेगळा बघाच कारण सीआरआयच्या सरासरीत तो धरतच नाहीत. आर9 म्हणजे गडद लाल. तो कमी असला की माणसाची कातडी आजारी दिसते.

बायकलर, म्हणजे पिवळा-पांढरा दोन्ही उजेड देणारी, पाहिजेच. सराफ्यात एका ठेल्यावर पिवळा बल्ब, शेजारच्यावर पांढरी एलईडी, त्यामुळे 3200 (पिवळसर) ते 5600 (पांढरा) केल्विन फिरवता आलं पाहिजे, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणूनचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका नाहीतर चालता चालता रंग बदलत राहतो. दुकानातच लाइट 10 टक्क्यांवर करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, पट्टे सरकताना दिसले तर लाइट लुकलुकते, ती घेऊच नका (दुकानाच्या ट्यूबलाइटचेही पट्टे येतात, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात करा). बाकी आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, बाजारातल्या दिव्यांचे असेच पट्टे येऊ नयेत म्हणून तिथे शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा.

बॅटरी एनपी-एफ वाली (बाहेरून लावायची, काढता येणारी) असली तर बरं, संपली की दुसरी लावता येते. झांक्या रात्रभर चालतात, तिथे आतल्या बॅटरीची टाइप-सी वाली लाइट पुरणार नाही, पॉवर बँक लावून चालते का ते विचारून घ्या. पण मोठी एनपी-एफ 970 जड असते, गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यावर) तोल जातो, छोटी 550 लावा.

आणि लाइट कॅमेऱ्यावरून काढून हातात धरता आली पाहिजे ही माझी सगळ्यात आग्रहाची गोष्ट. गरम भुट्ट्याच्या (मक्याच्या) कीसावर समोरून उजेड मारला तर वाफ दिसतच नाही, तीच लाइट थाळीच्या मागून तिरपी धरा, वाफेचा एकेक धागा उठून दिसतो आणि वरची शेव, कोथिंबीर चमकते. उजेड मऊ करणारा डिफ्यूझर लावूनच धरा आणि ठेलेवाल्या भैयांना आधी विचारून घ्या, उकळत्या तेलापुढे उभ्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड नको.