कॅज्युअल स्ट्रॅटेजी गेमची समीक्षा कशी करावी : ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’चा अनुभव

यूएक्स डिझाइनचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाच्या रचनेचा, अभ्यासक्रम संपवून नोकरी शोधत असताना मी पोर्टफोलिओसाठी पहिली समीक्षा लिहिली, ती ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ या गेमची. पॉपकॅप कंपनीने 2009 साली संगणकासाठी आणलेला हा खेळ बहुतेकांना ठाऊक असतो : अंगणात रोपे लावायची आणि घरावर चालून येणाऱ्या झॉम्बींना दारापर्यंत पोहोचू द्यायचे नाही. मी चौदा पाने भरली. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांच्या 1994 सालच्या, पडद्यावरची मांडणी तपासण्याच्या दहा निकषांपैकी प्रत्येकाखाली एक स्क्रीनशॉट आणि दोन ओळी, शिवाय रंगसंगती, अक्षरांचे वळण, बटणांच्या जागा असे सगळे त्यात होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ती पाने चाळली आणि एवढेच विचारले, की हा खेळ पहिल्यांदाच खेळणारा माणूस नेमका कुठे अडतो. मला सांगता आले नाही. मी मुख्य खेळाच्या पन्नासही पातळ्या पार केलेल्या होत्या आणि सुरुवातीला आपण कुठे अडलो होतो, हे पार विसरून गेले होते.

म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की गेम स्वतः पुरेसा खेळून झाला की तो दुसऱ्याच्या हातात द्यावा, शेजारी वही घेऊन बसावे आणि तोंडातून शब्द काढू नये. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. मी माझ्या मावशीला बसवले. ती बँकेतून निवृत्त झालेली, संगणक सफाईने वापरणारी, पण गेम कधीही न खेळलेली. पहिल्या पातळीत हिरवळीचा एकच पट्टा असतो आणि लावायला एकच रोप, झॉम्बींवर मटारचे दाणे झाडणारा पीशूटर. त्यामुळे चुकायला वावच नसतो आणि ती न अडखळता पुढे गेली. पुढच्या दोन पातळ्यांत तीन पट्टे मिळतात, चौथीपासून पाचही, आणि दरम्यान रोपेही एकेक करून वाढत जातात. शिकवणी चालू आहे, हे तिला जाणवलेही नाही.

तिसऱ्या पातळीत मात्र ती थांबली. पीशूटरच्या बियांच्या पाकिटावर, म्हणजे ते रोप निवडायच्या बटणावर, तिने एकदा, दोनदा, तीनदा क्लिक केले आणि म्हणाली, “अगं, हे चालत नाहीये. बिघडलंय का?” उत्तर माझ्या ओठांवर आले होते, पण मी ते गिळले आणि वहीत वेळ टिपली. झाले होते असे, की रोप नुकतेच लावल्यामुळे ते पाकीट पुन्हा तयार होण्याची वाट पाहत होते. रोपे ‘सूर्य’ या खेळातल्या चलनाने घ्यावी लागतात; सूर्य कमी पडले तरी पाकीट काळवंडते आणि तयार होत असले तरीही काळवंडते. दोन छटांमधला फरक सरावलेल्या डोळ्यालाच कळतो. सूर्य कमी असतील तर वरचा सूर्यांचा आकडा लाल होऊन लुकलुकतो, पण मावशीची नजर आकड्यावर नव्हतीच, ती पाकिटावर खिळलेली होती. चौदा पानांच्या समीक्षेत मी या जागेचा स्क्रीनशॉट लावला होता आणि त्याखाली ‘प्रतिसाद स्पष्ट’ असे लिहिले होते.

स्ट्रॅटेजी गेमची समीक्षा करणाऱ्याने आणखी एक गोष्ट अंगी बाणवायला हवी : आकडे हेही डिझाइनच असतात, असे धरून ते तपासायचे. या खेळाचा जीव एका प्रश्नात आहे, हातातले सूर्य आत्ता बचावावर खर्च करायचे की उद्याच्या कमाईसाठी सूर्यफुले लावायची. टिपलेल्या एका सूर्याचे 25 मिळतात, सूर्यफुलाची किंमत 50, पीशूटरची 100. म्हणजे सूर्यफुलाने दोन सूर्य दिले की त्याचे पैसे वसूल. खेळाचे डिझायनर जॉर्ज फॅन यांनी 2012 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधील व्याख्यानात सांगितले आहे, की आधी सूर्यफुलाचीही किंमत 100 होती आणि नवे खेळाडू ती पुरेशी लावतच नव्हते; किंमत निम्म्यावर आणल्यावर ती लावली जाऊ लागली. नवशिक्याला सूर्यफुलांचे महत्त्व परिच्छेद लिहून पटवण्याऐवजी त्यांनी एक आकडा बदलला, हे मला आजही अतिशय सुंदर वाटते. त्याच व्याख्यानात एका वेळी पडद्यावर आठच्या वर शब्द नसावेत, असाही त्यांचा दंडक आहे. मावशीकडे पाहून तो मला पटला. आयुष्यभर कागदपत्रे बारकाईने वाचलेली ही बाई खेळताना दोन ओळींची सूचनाही न वाचता पुढे जात होती.

गुणही इतक्याच नेमकेपणाने लिहावेत. ‘दृश्य मांडणी आकर्षक आहे’ या वाक्याचा कुणालाही उपयोग नाही. त्याऐवजी असे लिहिता येते, की या खेळात कुणाच्याही डोक्यावर ताकदीची पट्टी दिसत नाही, तरी कोण किती उरला आहे ते कळते : झॉम्बींना अडवणाऱ्या वॉलनट या अक्रोडाला तडे जातात, झॉम्बीच्या डोक्यावरचा शंकू झिजत जाऊन गळून पडतो, मग त्याचा हात निखळतो. किंवा खेळातल्या दुकानाचे पाहा. ते तिसऱ्या टप्प्यात, तलावाच्या पातळ्या सुरू झाल्यावर उघडते, म्हणजे खेळाचा व्यवहार समजण्याआधी खरेदीचा भार खेळाडूवर पडत नाही. हिरवळीच्या प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला उभे असलेले गवत कापायचे यंत्र त्या पट्ट्यातले झॉम्बी चिरडून एकदा चूक पोटात घालते. फावड्याने चुकून रोप उपटले तर मात्र त्याचे सूर्य परत मिळत नाहीत आणि ती चूक मागेही घेता येत नाही. एकाच खेळातला हा विरोध मी याच खेळाच्या नव्याने लिहिलेल्या दुसऱ्या समीक्षेत आवर्जून नोंदवला.

उपाय सुचवताना घाई करू नये. पाकिटाच्या अडचणीवर मला प्रथम सुचली होती ती मोठी सूचनाचौकट. पण झॉम्बी थांबत नाहीत, ते चालतच राहतात, आणि ऐन मोक्याला अंगण झाकणारी चौकट म्हणजे नवी अडचण. शेवटी मी दोन कागदांवर पाकिटे काढली : सूर्य अपुरे असतील तर पाकिटावरची किंमतच लाल, आणि पाकीट तयार होत असेल तर त्यावर खालून वर भरत जाणारा हिरवा रंग. मावशीने आणि शेजारच्या काकूंनी दोन्हींचा अर्थ न विचारता सांगितला. अकरावीतल्या भावाला हिरव्या रंगाचा अर्थ लागायला थोडा वेळ लागला, तेही मी लिहिले. फक्त तीन माणसांना पाहिले आहे आणि संगणकावरची मूळ आवृत्ती वापरली आहे, हे पहिल्याच पानावर नमूद केले. कारण 2013 साली आलेला याचा दुसरा भाग फुकट मिळणारा आणि आत खरेदी असणारा आहे, आणि या आवृत्तीवरची माझी विधाने त्याला लागू होत नाहीत. नवी समीक्षा चार पानांची झाली. तिच्या सुरुवातीला मी खेळाचे कव्हर लावले नाही, मावशी तीन वेळा क्लिक करून थांबली त्या क्षणाचा पडदा लावला आणि खाली तिचे वाक्य, तिच्याच शब्दांत.