मलय शिकायचीय? तोंडपाठ असलेला कार्टून पिक्चर मलयमध्ये लावा

मलेशियात डिग्रीला येणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर पहिले चार महिने वाया गेले नसते. इथे परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजात बेसिक मलयचा विषय घ्यावा लागतो, तो मी घेतला, मार्कही बरे पडत होते, पण बाहेर मामाकच्या (तमिळ मुस्लिमांच्या) हॉटेलात रोटी चनाई, म्हणजे इथला पदर सुटणारा पराठा, घ्यायला गेलं की काउंटरवरचा माणूस विचारायचा "ना बुंकुस?" आणि मी ब्लँक. पुस्तकात "पाहिजे" साठी "हन्दाक" शिकवलेलं, बोलताना त्याचं उरतं फक्त "नाक", त्यातला शेवटचा क पण गिळतात, म्हणजे ऐकू येतं "ना". आपल्या मराठी कानाला "ना" म्हणजे नकार, आणि तो बिचारा विचारतोय पार्सल हवंय का!

मी राहायचे क्वालालंपूरजवळच्या काजांगला, एका मकचिकच्या घरी वरच्या खोलीत (मकचिक म्हणजे मावशी-काकू, आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला म्हणतात). त्यांची नात एका रविवारी टीव्हीवर फ्रोजन बघत बसलेली, मलयमध्ये. मी तो पिक्चर बहिणीसोबत इतक्यांदा पाहिलाय की पुढे कोण काय बोलणार ते मला आधीच माहिती, आणि मग सगळं समजायला लागलं. म्हणजे शब्द सगळे येत नव्हते, पण गोष्ट पकडायची धडपडच नव्हती, त्यामुळे कान फक्त भाषेकडे. त्यातल्या इंग्लिश गाण्यात "लेट इट गो" चे उच्चारात तीन तुकडे, मलय गाण्यात तिथे येतं "बेबासकान" (बे-बास-कान), बरोब्बर तीन, तोंडाच्या हालचालीत चपखल बसणारे. हे मलेशियन गायिका मार्शा मिलान लोंदोहने गायलंय, नक्की ऐका. "बेबास" म्हणजे मोकळं आणि मागे "कान" लागलं की मोकळं कर. हा "कान" प्रत्यय वर्गात तीन लेक्चर घेऊन डोक्यात शिरला नव्हता, तो एका गाण्यात बसला आणि आजही कुठलं नवीन क्रियापद आलं की मी ते गाणं मनात म्हणून बघते.

डबिंगची मजा इथेच आहे असं मला वाटतं. ओठांच्या वेळेत वाक्य बसवायचं म्हटलं की लांबलचक पुस्तकी रूप चालतच नाही, "तिदाक" चं "ताक" करावं लागतं, म्हणजे लोक बोलतात तसंच. सबटायटल मात्र बऱ्याचदा पुस्तकी असतात. म्हणून पहिल्या वेळी सबटायटल बंद ठेवा, दुसऱ्यांदा मलय सबटायटल लावा आणि ऐकलेलं नि लिहिलेलं कुठे वेगळं निघतंय ते वहीत उतरवा, दहाच मिनिटांचा तुकडा घ्या पण रोज.

मराठी माणसाला इथे एक आयता फायदा आहे. मलयमध्ये "कीता" आणि "कामी" असे दोन शब्द आहेत, इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच, माझे वर्गातले बाकीचे मित्र सेमिस्टरभर घोळ घालत होते. आपल्याला काय, "कीता" म्हणजे आपण आणि "कामी" म्हणजे आम्ही, विषय संपला! पिक्चरमध्ये मित्रांची टोळी कुणाला सोबत घेतेय की बाहेर ठेवतेय हे त्या एका शब्दावरून कळतं, ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं, इतक्या लांब येऊन आपल्याच घरातली गोष्ट सापडल्यासारखं.

संस्कृतातून आलेले शब्द तर पदोपदी, बहासा, मानुसिया, बूमी, वार्ना. शिवाय अरबीतून आलेले नासिब, आकाल, जवाब. पण सगळ्यांवर भरवसा ठेवू नका. "चिन्ता" म्हणजे प्रेम, आणि "गंबिरा" हा गंभीर वरून आलेला शब्द, पण अर्थ आनंदी! डिक्शनरीत वाचून हे विसरायला होतं, पण पडद्यावर एखादं पात्र उड्या मारत "गंबिरा" म्हणालं की पुन्हा चूक होत नाही.

एक काळजी घ्या, ऑडिओच्या यादीत बहासा मेलायु (म्हणजे मलय) आणि बहासा इंदोनेसिया असे दोन पर्याय दिसू शकतात, घाईत दुसरा लावू नका. ऐकायला जवळच्या आहेत, पण मलेशियात "करेता" म्हणजे कार आणि इंडोनेशियात ट्रेन, इथे "बुदाक" म्हणजे पोरगं आणि तिथे गुलाम.

डब केलेल्या पिक्चरची भाषा जरा साफसूफ असते हे खरंय, त्यात गल्लीतली मलय मिळत नाही. दोन-तीन महिन्यांनी कान तयार झाला की मूळ मलयमधलंच उपिन इपिन हे मलेशियन कार्टून लावा, 2007 पासून चालू आहे, त्यात कांपुंग दुरियान रुंतुह गावातली मलय, चिनी, तमिळ, पंजाबी सगळी पोरं आपापल्या ढंगात बोलतात. मला पहिला एपिसोड निम्माच कळला होता, मग मकचिकची नात शेजारी बसून मध्येमध्ये पॉज करून समजावायची, सहा वर्षांची होती, आणि मी चुकीचा उच्चार केला की परत म्हणायला लावायची.