पाळीव कासव आजारी पडलं तर या चुका टाळा: औषधाआधी थर्मामीटर

डिसेंबर लागला की पुण्यातली घरगुती कासवं खाणं सोडतात. पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, गॅलरीतल्या टबातलं पाणी गार पडतं, आणि घरात निष्कर्ष निघतो: शीतनिद्रेत गेलं असेल, फेब्रुवारीत उठेल. बरीचशी उठत नाहीत.

इथे मुख्यतः लाल कानाच्या पाणकासवाबद्दल लिहिलंय, कारण दुकानातून घरी येतं ते बहुतेक हेच. जमिनीवरच्या कासवाचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

“थंडीत झोपलंय” म्हणून सोडून देणं

कासवाचं अंग स्वतःची ऊब तयार करत नाही. पाणी २० अंशांखाली गेलं की पचन मंदावतं, पोटातलं अन्न तिथेच कुजायला लागतं आणि जंतूंशी लढायची ताकदही उतरते. खऱ्या शीतनिद्रेला सलग कडक थंडी लागते, आतडं आधी रिकामं व्हावं लागतं आणि कासव ठणठणीत असावं लागतं. पुण्यातला हिवाळा म्हणजे पहाटे १० आणि दुपारी २८. त्यात कासव ना धड झोपतं, ना धड जागं राहतं.

म्हणून लक्षण कुठलंही असो, पहिलं काम म्हणजे पाण्यात थर्मामीटर घालणं. मत्स्यालयाच्या दुकानातला साधा चालतो. मोठ्या कासवाला पाणी २४ ते २६ अंश हवं, पिल्लाला आणि आजाऱ्याला २७-२८, आणि अंग शेकायच्या कोरड्या जागेवर ३२ ते ३५. गार पडलेल्या टबात गरम पाण्याची बादली ओतू नका. दोन-तीन तासांत दोन अंश वाढले तरी पुरे.

हीटर लिटरमागे साधारण एक वॅट या हिशेबाने घ्या, म्हणजे ४०-५० लिटरला ५० वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला. त्याला प्लास्टिकची जाळी हवीच, कारण कासव धडका मारून काच फोडतं. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा. शेकायच्या जागेवर फिलामेंटचा जुना पिवळा बल्ब लावा. विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत विचारलं की मिळतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही.

तापमान जागेवर आल्यावर दोन-तीन दिवसांत कासव खायला लागलं, तर प्रश्न थंडीचा होता. नाही लागलं तर आजार आहे असं धरून चाला. श्वासाची तक्रार दिसत असेल तर मात्र हे दोन-तीन दिवसही थांबू नका.

खात नाही म्हणून तोंड उघडून भरवणं

कासवाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. सिरिंजने भरवलेली पेज किंवा औषध सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. मोठं, अंगाने भरलेलं कासव काही दिवस खाल्लं नाही म्हणून लगेच मरत नाही. पिल्लाच्या बाबतीत तेवढी सवड नसते.

खाण्यापेक्षा वजनावर नजर ठेवा. डिजिटल काटा घ्या, त्यावर कासवासाठी वेगळा डबा ठेवा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अंग पुसून मोजा. २०० ग्रॅमचं कासव १८० वर आलं, की बाकी कसंही दिसत असलं तरी डॉक्टर.

एक अपवाद. मोठी मादी खाणं सोडून टबाच्या कडा चढत असेल आणि मागच्या पायांनी उकरल्यासारखं करत असेल, तर ती अंडी घालायला जागा शोधते आहे. नर नसला तरी मादी अंडी घालते. मोठ्या घमेल्यात किंवा टबात वीतभर ओलसर माती-वाळू द्या आणि तिला एकटं सोडा. उकरूनही अंडी येत नसतील किंवा ती मलूल झाली, तर एक्स-रे लागतो. अंडी अडकणं जिवावर बेततं.

नाकातले बुडबुडे “साधी सर्दी” समजणं

पाण्याबाहेर डोकं काढताना एखादा बुडबुडा आला तर काही नाही. कोरड्यावर बसलेलं असतानाही नाकपुडीवर फुगा येतो, तोंड उघडं ठेवून मान ताणून श्वास घेतं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, ही न्यूमोनियाची लक्षणं. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे त्याला जोर लावून खोकता येत नाही. फुप्फुसात साचलं की साचलंच.

सगळ्यात बोलकी खूण पोहण्यात दिसते. टबासमोर पाच मिनिटं नुसते बसा. निरोगी कासव सरळ तरंगतं आणि मनात आलं की तळाशी जातं. एका फुप्फुसात द्रव भरला की ती बाजू जड होते. कासव एका अंगाला कललेलं दिसतं, बुडी मारायचा प्रयत्न करतं आणि पुन्हा तसंच तिरकं वर येतं. पोटात वायू धरल्यावरही तिरकं तरंगतं, पण फरक एक्स-रेतच कळतो. तो घरी ओळखायच्या भानगडीत पडू नका.

तोवर पाण्याची उंची कवचाइतकीच ठेवा, म्हणजे पाय टेकून मान वर काढता येईल. पाणी २८ अंशांवर आणि शेकायचा दिवा दिवसभर चालू. टबाशेजारी कापूर, विक्स, धूप यांतलं काहीही नको. दुखऱ्या फुप्फुसाला त्याचा त्रासच होतो.

सुजलेल्या डोळ्यांत माणसांचे थेंब

दोन्ही पापण्या फुगून डोळे मिटले असतील, तर टबाकडे नाही, आधी खाण्याच्या डब्याकडे बघा. लालसर सुकी कोळंबी भरलेला तो पारदर्शक डबा असेल तर कारण बहुधा सापडलं. नुसत्या कोळंबीवर ठेवलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्यांच्या आतलं अस्तर जाड होतं, खाली चिकट मळ साचतो. दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून कमतरता वाढते.

इथे लोक दोन टोकांच्या चुका करतात. एक, घरातले स्टेरॉइडचे थेंब. दुसरी, “अ जीवनसत्त्व कमी आहे ना” म्हणून त्याचं इंजेक्शन मागून घेणं. मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते, आणि ते मूळ आजारापेक्षा वाईट. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने हलकेच पुसा, बाकी डॉक्टरांवर सोडा. खाण्यात चांगल्या गोळ्या मुख्य ठेवा. सोबत किसलेलं गाजर, लाल भोपळा, रताळ्याची पानं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियम अडवतं.

डोळ्यामागे, कानाच्या जागी, एका बाजूला वाटाण्याएवढा टणक फुगवटा आला तर तो गळू. कासवाचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. दाबून निघत नाही आणि गोळ्यांनी विरघळत नाही, छोटी शस्त्रक्रिया करून काढावा लागतो.

पाण्याबद्दल थोडं. नळाचं पाणी २४ तास बादलीत उघडं ठेवून मग वापरा, क्लोरीन उडून जातो. आणि एखाद्या गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने, हे पुणेकराला सांगायला नको. त्या आठवड्यात टब बदलणं लांबतं आणि डोळे-कातडीच्या तक्रारी सुरू होतात. बुधवारीच एक पिंप भरून ठेवा.

कवचाला तेल लावणं

खोबरेल, मोहरी, हळद-तेल यांतलं काहीच नको. तेलाखाली ओल आणि जंतू कोंडून राहतात. टूथब्रशने घासणंही नको.

पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रे अख्खेच्या अख्खे सुटत असतील आणि खाली चकचकीत कवच असेल, तर ती वाढीची नेहमीची कात आहे. खड्डा, मऊ पांढरट ठिपका, कुजका वास ही कवच सडण्याची लक्षणं. सुरुवातीची, वरवरची सड असेल तर जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ करा, कापसाने लावा, दहा मिनिटांनी धुवा. मग कासव काही तास उबदार, कोरड्या खोक्यात ठेवा; प्यायला-खायला दिवसातून दोनदा तासभर पाण्यात. आठवड्यात फरक नाही, किंवा खड्ड्यातून ओलसर काही येतंय, तर घरचा उपाय थांबवा. पोटाकडच्या कवचावर लाल-गुलाबी छटा पसरली तर एक दिवसही थांबू नका. जंतू रक्तात गेलेले असू शकतात.

कवच दाबल्यावर लवतं का? काही महिन्यांच्या पिल्लाचं थोडं लवतं. वर्षाच्या पुढच्याचं लवलं तर कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण), दोन्ही कमी. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे बिनकामाचं, काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी दिवा घ्या, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर लावा (बहुधा वीत-दीड वीत), आणि दिसायला पेटत असला तरी वर्षाच्या आत बदला. दुकानदार “यूव्ही” म्हणून पाणी निर्जंतुक करायचा दिवा देत असेल तर घेऊ नका, त्याने डोळे भाजतात. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास उत्तम, पण निम्मी सावली असलेल्या प्लास्टिकच्या टबात. काचेच्या पेटीत पाणी बघता बघता तापतं. वर जाळी टाका, कावळे आणि घारी टपलेल्याच असतात. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेण पाण्यात टाकला तरी चालतो, फक्त मागची कडक पाठ काढून.

कुत्र्याचं जंताचं औषध

आयव्हरमेक्टिन कासवाला कुठल्याही मात्रेत देऊ नका. कुत्र्या-गुरांना सर्रास देतात, कासवाला त्याने लकवा होऊन मृत्यू येतो. इतर औषधंसुद्धा वजन आणि तापमान बघूनच ठरतात. थंड कासवात औषध नीट पसरत नाही.

शेपटीखालून काही बाहेर लोंबत असेल तर आधी रंग बघा. नराचं गडद जांभळं-काळं लिंग अधूनमधून बाहेर येतं आणि थोड्या वेळात आत जातं. तासाभरानेही आत गेलं नाही, किंवा लालसर मांसल काही दिसतंय, तर ओल्या स्वच्छ गॉजमध्ये ठेवा, टबातले मासे आणि दुसरं कासव दूर करा आणि निघा. आत ढकलू नका.

डॉक्टरांकडे नेताना

आधी फोन करून विचारा: कासवं बघता का, एक्स-रे निघेल का? सगळीकडे दोन्ही नसतं. न्यायचं ते पाण्याच्या डब्यात नाही. अशक्त कासव रिक्षाच्या धक्क्यांत त्या दोन इंच पाण्यात बुडून मरू शकतं. भोकं पाडलेलं खोकं, तळाशी ओलसर टॉवेल, हिवाळ्यात बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. सोबत ताजी विष्ठा स्वच्छ डबीत, टबाचा फोटो, खाण्याच्या डब्याचा फोटो, वजनाची नोंद.

सेफ्टाझिडीमसारखी प्रतिजैविकाची (जंतू मारायची) इंजेक्शनं कासवाला साधारण तीन दिवसांतून एकदा देतात आणि कोर्स आठवडे चालतो. दुसऱ्या इंजेक्शननंतर खायला लागलं म्हणून पुढच्या फेऱ्या बंद करणं ही शेवटची मोठी चूक. आजार उलटतो आणि मग तेच औषध लागू पडत नाही. थंडगार, निपचित, पाय ओढले तरी न हलणारं कासव मेलंच असं धरून पुरू नका. हळूहळू कोमट करा आणि डॉक्टरांना दाखवा.

चांदणी कासव घरात असेल तर

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव वास्तूसाठी म्हणून अजूनही गुपचूप विकलं जातं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. पाळणं, विकणं, विकत घेणं, तिन्ही गुन्हे. अंगावर बेतेल म्हणून आजारी कासव लपवून ठेवणं किंवा रात्री कात्रजच्या डोंगरात सोडणं, दोन्हीने ते मरतं. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा; बावधनच्या रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टकडेही वन्यप्राण्यांवर उपचाराची सोय आहे. तोवर उबदार खोकं आणि मान सहज वर राहील एवढ्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवणं, इतकंच करा.

लाल कानाचं पाणकासव परदेशी. तेही पाषाण तलावात सोडायचं नाही. आजारी असेल तर तिथल्या देशी कासवांना रोग लागतो, निरोगी असेल तर त्यांची जागा बळकावतं.

आणि आजारी असो वा धडधाकट, कासवाच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, हात दर वेळी साबणाने धुवा, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका. अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घातली ती याच कारणाने: मुलं ती तोंडात घालत होती.